कळतं, पण वळत नाही

प्रश्न: लहान पापलेट घेऊ नयेत, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी हर्णै बंदरावर लिलावाला गेले की स्वस्तात वाटा मिळतो म्हणून घेतेच. मग माहितीचा उपयोग काय?
– एक वाचक, दापोली

उत्तर: ताई, माहिती वाया गेलेली नाही, पण ती एकटी पुरत नाही. आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं, की माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: मनाला पटलंय का, आपली माणसं काय म्हणतील, आणि आपल्याला ते जमेल का. तुमचं मला वाटतं तिसऱ्यावर अडतं. लिलावाच्या गर्दीत धक्के खात मासा लहान की मोठा, हे ठरवायचं कसं?

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासे घ्यायला जाताना पिशवीच्या बंदाला सुतळी बांधते, साडेतेरा सेंटिमीटरवर गाठ मारून. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर.

पहिल्यांदा सुतळी काढली तेव्हा मासे विकणारी मावशी चिडली. “मासे घ्यायला आलीस की कापड?”

“मावशी, ह्यांनी अजून एकदाही अंडी घातली नाहीत गो.”

ती गप्प झाली. मग पाटीच्या तळाशी हात घालून एक मोठं काढून दिलं. वाट्यापेक्षा महाग पडलं, हे खरं. पण परवा मी सुतळी काढायच्या आधीच ती म्हणाली, “तुझ्या गाठीएवढी नाहीत आज. बांगडे ने.”