तयार लायब्ररी मिळत असताना स्वतः कम्पाइल कशाला?

पत्र: मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेले पाच दिवस विंडोजच्या लॅपटॉपवर 'ओपनएसएसएल सोर्समधून कम्पाइल करतोय' म्हणून बसून आहे. कधी पर्ल चुकीचं म्हणतो, कधी अमुक सापडत नाही म्हणतो. तयार फाइल मिळते हे तोच सांगतो, मग हा उपद्व्याप कशाला? क्रिप्टोग्राफीतच करिअर करायचं त्याच्या मनात आहे. मुंबईत सायबर सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी पाऊण लाख. पाठवू का? (आंबा बागायतदार पालक, देवगड तालुका)

नमस्कार.

पाऊण लाख आत्ता भरू नका. आणि त्याला लॅपटॉपवरून उठवूही नका.

तुमची बाग आहे, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. नर्सरीत तयार कलम मिळतं. तरी ज्याने स्वतः कोय कलमं बांधली त्यालाच कलम का मेलं ते सांगता येतं. मुलाचं तेच चाललं आहे. ओपनएसएसएल ही १९९८ पासून खुल्या सोर्सची, जगभरच्या सर्व्हरवर चालणारी लायब्ररी आहे, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं (क्रिप्टोग्राफीचं) काम करणारा, इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड. तयार फाइल घेतली की ती वापरता येते. मूळ कोडवरून स्वतः बांधली, म्हणजेच कम्पाइल केली, की आत काय चालू, काय बंद, कशावर काय अवलंबून, हे सगळं हाताखालून जातं.

पुढचा भाग चिरंजिवांना वाचायला द्या.

बाळा, विंडोजवर तीन गोष्टी लागतात: पर्ल ही स्क्रिप्टची भाषा, नॅझम हा असेम्ब्लर (प्रोसेसरच्या जवळच्या भाषेतला कोड बांधणारा) आणि व्हिज्युअल स्टुडिओचा सी कम्पायलर. अख्खा व्हिज्युअल स्टुडिओ उतरवू नकोस. फक्त बिल्ड टूल्स घे आणि त्यात सी प्लस प्लस डेस्कटॉपचा संच निवड. तरी काही जीबी जातात, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नको. सोर्सची फाइल उतरली की विंडोजमधल्याच सर्टयुटिलने तिचा शा-२५६ (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढ आणि संकेतस्थळावर दिलेल्याशी जुळव. क्रिप्टोग्राफी करणाऱ्याने ही पायरी गाळायची नसते.

तुझी पर्लची अडचण बहुतेक अशी असणार: गिटबरोबर आलेलं पर्ल चालतंय. ते युनिक्सच्या वळणाचे पाथ (फाइलचे पत्ते) देतं, आणि बांधणीची तयारी करणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट 'हे पर्ल विंडोजसारखे पाथ देत नाही' म्हणून तिथेच थांबतं. स्ट्रॉबेरी पर्ल बसव, मग 'व्हेअर पर्ल' ही कमांड दे आणि पहिली ओळ बघ. विंडोज ज्या फोल्डरांत कमांड शोधतं त्या यादीलाही पाथच म्हणतात; त्यात ज्याचा नंबर आधी, तेच चालतं. नॅझमही बसवल्यावर पाथमध्ये आपोआप जाईलच असं नाही, हाताने घाल. कंटाळून 'नो-एएसएम' (असेम्ब्लीचा भाग वगळ) दिलंस तर बिल्ड होईल, पण एईएस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सायफरसाठी प्रोसेसरमध्येच असलेल्या खास सूचना वापरणारा कोड गळेल आणि वेग चांगलाच पडेल. मुद्दाम दोन्ही प्रकारे बांधून बघ, 'ओपनएसएसएल स्पीड'ने आकडे घे आणि वहीत लिही. मुलाखतीत हे दोन आकडे आणि त्यांच्यातल्या फरकाचं कारण सांगता आलं, तर कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त बोलतं.

साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कम्पायलर सापडत नाही. स्टार्ट मेनूतून 'एक्स-६४ नेटिव्ह टूल्स' प्रॉम्प्ट उघड. मग 'पर्ल कॉन्फिगर व्हीसी-विन६४ए', 'एनमेक', 'एनमेक टेस्ट', 'एनमेक इन्स्टॉल', याच क्रमाने. चुकून ३२ बिटचा प्रॉम्प्ट उघडून ६४ बिटचं कॉन्फिगर दिलंस, तर लिंकर (तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) एलएनके १११२ एरर देतो: मशीनचा प्रकार जुळत नाही. खुंट आणि कांडी जाडीला जुळली नाहीत तर कलम सांधत नाही, तसंच हे. प्रॉम्प्ट बदललास की आधी 'एनमेक क्लीन' कर, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइली परत आडव्या येतात.

इन्स्टॉल मुळात प्रोग्राम फाइल्समध्ये जातं आणि ॲडमिन हक्क मागतं. त्याऐवजी कॉन्फिगर करतानाच 'प्रीफिक्स' आणि 'ओपनएसएसएलडिर' या पर्यायांत स्वतःचा फोल्डर दे, नावात स्पेस नको. वीज गेली, बॅटरीही संपली, तरी सगळं पहिल्यापासून करायला नको. पुन्हा 'एनमेक' दिलं की झालेलं सोडून पुढे जातं. फक्त त्या क्षणी अर्धवट लिहिली गेलेली फाइल शोधून पुसायची. सगळं होऊनही व्हर्जन जुनंच दिसलं तर 'व्हेअर ओपनएसएसएल' दे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमबरोबर आलेली प्रत पुढे उभी असते.

आणि टेस्ट गाळू नकोस, वॉर्निंग नुसती गप्प करू नकोस. २००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये, मेमरी तपासणाऱ्या साधनाने तक्रार केली म्हणून दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातली एक यादृच्छिकता (रँडमनेस) मिसळणारी होती. मग गुप्त किल्ली (की) बनवताना बदलतं असं काही उरलं ते फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. २००८ च्या मे महिन्यात हे उघड झालं. तोवर बिल्ड सुरळीत होत होतं, प्रोग्रॅम चालत होते, आणि किल्ल्या ओळखता येण्यासारख्या होत्या. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिला हात लावायचा नाही; हा नियम मोडणं या क्षेत्रात इतकं महागात पडतं.

आता पुन्हा तुमच्याशी. नवे सायफर (माहिती गुप्त करण्याच्या पद्धती) रचणं, त्यांची सुरक्षितता सिद्ध करणं हे गणिताचं काम आहे आणि त्याला पदव्युत्तर शिक्षण लागतंच. डिप्लोमावर ते मिळणार नाही. लायब्ररी बांधणं, तपासणं, सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) वेळेत घालणं हे काम मात्र उत्पादन बनवणाऱ्या कंपन्यांना सतत लागतं. त्यासाठी सी भाषा आणि लिनक्स पक्कं हवं. मुलगा आज त्याच दारात उभा आहे. म्हणून आधी थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्या. तो डिप्लोमाच्या गुणांवर मिळतो, तेव्हा या लायब्ररीपायी शेवटच्या सत्राचा अभ्यास बुडता कामा नये. पदवीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक, किंवा सीडॅक या सरकारी संस्थेचा सिस्टम्स सिक्युरिटीचा पदविका अभ्यासक्रम. गणित मनापासून आवडलं तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटीमधलं एमटेक डोळ्यासमोर ठेवा. गणिताची तयारी एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर फुकट सुरू करता येते: संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), संभाव्यता, रेषीय बीजगणित.

कोर्सचा निर्णय महिनाभर थांबवा. दरम्यान त्याची वही मागा. प्रत्येक एररखाली कारण आणि उपाय त्याच्या शब्दांत लिहिलेला असेल, तर पाच दिवस कारणी लागले. वही कोरी असेल, तर त्याला आजपासून लिहायला लावा आणि हेच बिल्ड लिनक्सवर पुन्हा करायला सांगा. तिथे इन्स्टॉल झाल्यावर 'लिबएसएसएल सापडत नाही' असं आलं, तर 'एलडीकॉन्फिग' काय करतं ते त्याने स्वतः शोधावं.