जायंट ट्रेव्हली (जीटी) ही मोठी समुद्री मासळी गरीला लागते, पण लगेच दोरी तुटते. कोणता पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचं खोटं भक्ष्य) घ्यावा?

पॉपर बदलू नका. मासा त्यावर येतोय, तोंडात धरतोय, म्हणजे पॉपरचं काम झालेलं आहे. जीटी हातची जाते ती नंतरच्या दहा सेकंदांत, आणि त्या दहा सेकंदांची तयारी पाण्यात गरी पडायच्या आधीच करावी लागते.

आधी दोरीचं तुटलेलं टोक नीट बघा. तंतू पिंजारलेले असतील तर खडकाने कापली. टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं असेल तर गाठ सरकली, खडकाचा दोष नाही. वेणीची दोरी आणि जाड नायलॉन लीडर (दोरी आणि गरीमधला दणकट तुकडा) जोडायला मी एफजी गाठच मारतो. वेळखाऊ आहे, पण काठीच्या कड्यांतून न अडकता सुटते.

बहुतेकांची दोरी खडकावरच जाते. ही मासळी प्रवाळाच्या कडेला, प्रवाह येऊन आपटतो तिथे शिकार करते, आणि गरी टोचली की थेट खाली खडकात घुसते. वेणीची दोरी ताणाला दणकट, पण ताणलेली असताना प्रवाळाला नुसती घासली तरी संपली. म्हणून पुढे दीडशे-दोनशे पौंडी लीडर हवाच. दर माशानंतर त्यावरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर तेवढा भाग कापून टाका, कंजुषी नको.

आता ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. हाताने ओढून 'घट्ट आहे' म्हणणं सोडा. दोरी काठीच्या कड्यांतून ओवून स्प्रिंगच्या काट्याला बांधा आणि मोजा. ८० पौंडी दोरीला ९ ते १२ किलो ठेवा. हाताला घट्ट वाटलेला ड्रॅग काट्यावर बऱ्याचदा निम्मासुद्धा भरत नाही! आणि मासा पळत असताना ड्रॅग आवळायला जाऊ नका.

मासा पॉपरवर आपटला की लगेच झटका देऊ नका; वजन हाताला लागू द्या, मग दोनदा जोरात. त्याचा नेम चुकला तर पॉपर चालता ठेवा. थांबवलात की तो बरेचदा पाठ फिरवतो. लागल्यावर काठी आकाशाकडे उभी धरायचा मोह होतो, त्यात काठी मोडते. ती खाली, बाजूला ठेवा आणि छोट्या-छोट्या ओढींनी मासा वळवा. होडीत असाल तर चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मासा लागताच होडी खडकापासून खोल पाण्याकडे काढायची. खडकावर उभे असाल तर ही सोय नाही, तिथे जागाच अशी निवडा की मासा कडेखाली शिरला तरी दोरी मोकळी राहील.

भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहत असेल तेव्हाच जा. पाणी थांबलेलं असताना गरवणं म्हणजे नुसती हाताची कसरत.

आकाराचा अंदाज असावा म्हणून सांगतो, २००६ साली जपानच्या तोकारा बेटांपाशी ७२.८ किलोची जीटी गरीला लागली होती. सेशेल्सच्या फार्कुहार प्रवाळबेटाजवळ तर या उडणारे पक्षीसुद्धा धरतात. तेव्हा पॉपरसोबत येणारे हलके तीनतोंडी गळ काढून टाका आणि जाड, बिनकाट्याचे एकेरी गळ लावा. ते सोडवायलाही सोपे पडतात, आणि मोठी जीटी सोडायचीच असते: प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा विष साठलेलं असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. फोटो काढायचा तर दोन्ही हातांनी आडवी धरा, जबड्याला लटकवू नका, आणि शेपटी जोर धरेपर्यंत पाण्यात धरून ठेवा.