मॅपच्या पोटातला मॅप

प्रश्न : जावात जेसन (मजकुरात लिहिलेला डेटा) वाचून मला मॅप<स्ट्रिंग, ऑब्जेक्ट> मिळतो (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा संच). त्यातला 'साठा' हाही मॅपच. तो मॅप<स्ट्रिंग, लाँग> असा कास्ट केला (म्हणजे तो या प्रकारचा आहे असं कंपायलरला सांगितलं). कंपायलरने नुसता इशारा दिला. पण पुढे तिसऱ्याच फाइलमध्ये क्लासकास्टएक्सेप्शन (प्रकार जुळत नसल्याची चूक). असं का?

उत्तर : इशारा दाबून टाकलात ना? मीही टाकायचो. एकदा अशाच चुकीपायी अख्खी दुपार भलत्याच फाइलमध्ये घालवली. जावा 5 मध्ये जेनेरिक्स (कंसात प्रकार लिहायची सोय) आले, पण कंसातले प्रकार चालू प्रोग्रॅमला दिसत नाहीत. ते पुसले जातात. म्हणून कास्ट फक्त 'हा मॅप आहे ना' एवढंच तपासतो. जॅक्सन (जेसन वाचणारी लायब्ररी) लहान पूर्णांक इंटिजर म्हणून ठेवतो. तुम्ही किंमत लाँग म्हणून उचलता, तिथे स्फोट.

कास्ट सोडा, नवा मॅप भरा. आधी इन्स्टन्सऑफने मॅप<?, ?> आहे का बघा (जावा 16 पासून तिथेच व्हेरिएबलला नावही देता येतं). मग एकेक नोंद घ्या : की (जोडीतलं नाव) स्ट्रिंग आहे का, किंमत नंबर आहे का, असेल तर लाँगव्हॅल्यूने तिचा लाँग करा. मात्र 2.5 चे गुपचूप 2 होतात, तेवढं सांभाळा. जॅक्सन हाताशीच आहे, तर त्याच्या कन्व्हर्टव्हॅल्यूला टाइपरेफरन्स (हवा तो पूर्ण प्रकार सांगणारी वस्तू) दिला तरी भागेल. खोल घरट्यांसाठी (मॅपमध्ये मॅप, त्यातही मॅप) मी तेच वापरतो.