वाचकांचे प्रश्न : डोंगरवाटेवर सुचलेले गाणे

पावसाळी भटकंतीचे दिवस जवळ आले, की या सदराकडे डोंगरात गाणे रचण्याविषयी आणि ते तिथेच ध्वनिमुद्रित करण्याविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही तीन मित्र महिन्यातून एकदा सह्याद्रीत भटकायला जातो. चढताना मला ओळी सुचतात आणि त्यांची चालही सुचते. घरी आल्यावर मात्र शब्द वहीत असतात आणि चाल हरवलेली असते. थांबून लिहायला बसावे, तर सूर निसटतो. यावर उपाय काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण शब्द टिपून ठेवता आणि चाल स्मरणावर सोडता, त्यामुळे असे होते. मराठीत चालण्याच्या ढबीला चाल म्हणतात आणि गाण्याच्या स्वररचनेलाही चालच म्हणतात. चढावर रचलेल्या गाण्यात या दोन्ही चाली एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात, की पावले थांबली की दुसरीही विरून जाते. सपाटीवर आपण मिनिटाला साधारण 100 ते 120 पावले टाकतो. खड्या चढावर ही गती बरीच उतरते आणि दर दोन-तीन पावलांना श्वास घ्यावा लागतो. म्हणून तिथे सुचणारी ओळ आपोआप आखूड होते आणि श्वासाच्या जागी तुटते. यात नवीन काहीच नाही. मोठ्या अभंगाचे 6-6-6-4 अक्षरांचे चरण दिंडीत चालता चालता, टाळाच्या ठेक्यावर, दमछाक न होता म्हणता येतात. ओवीही जात्याच्या फेऱ्यांबरोबर लांबते आणि थांबते. आपल्याकडे गाणे फार पूर्वीपासून शरीराच्या कष्टाला धरून रचले गेले आहे.

तेव्हा ओळ सुचताच, न थांबता, चालत असतानाच फोनवर ती गाऊन ठेवावी. शब्द अपुरे असले, तर ‘ना ना’ म्हणून जागा भरावी. त्या ध्वनिमुद्रणात धाप ऐकू येईल, बुटांखालचा मुरूम करकरेल. तो आवाज काढून टाकू नये, कारण लय त्यातच आहे. गाऊन झाल्यावर लगेच आपण कोठे आहोत आणि कोणता अंतरा गायलो, हे बोलून ठेवावे. संध्याकाळी मुक्कामावर अशा पंधरा-वीस तुकड्यांतून हवा तो शोधताना या दोन वाक्यांचा फार उपयोग होतो.

दम लागलेला असताना बहुतेकांचा सूर नेहमीपेक्षा चढा लागतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गाणारा माणूस नकळत काळी दोनमध्ये सुरुवात करतो आणि अंतऱ्याला पोहोचताच त्याचा गळा अडतो. म्हणून पहिल्या विसाव्याला, श्वास स्थिरावल्यावर, फोनवरील तानपुरा लावून तीच चाल पुन्हा गावी आणि पट्टी नोंदवून ठेवावी. दोन्ही आवृत्त्या जपाव्यात. पहिलीत लय खरी असते, दुसरीत सूर. शब्दांची डागडुजी मात्र चढावर करू नये, असे माझे ठाम मत आहे. ते काम घरी दिव्याखाली अधिक चांगले होते. वहीबरोबर पेनाऐवजी पेन्सिल ठेवावी, कारण धुक्याने ओलसर झालेल्या कागदावरही पेन्सिलीचे अक्षर पसरत नाही.

प्रश्न : आम्ही एका कड्यावर बसून गाणे फोनवर ध्वनिमुद्रित केले. तिथे ऐकताना सगळे छान वाटले. घरी हेडफोन लावून ऐकले, तर सतत धबधब असा आवाज येतो आणि लांबवलेले सूर मधेच बारीक होतात. हे दुरुस्त करता येईल का? पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जे झाले, ते फारसे दुरुस्त होणार नाही, हे मला खेदाने सांगावे लागते. हा अनुभव मी स्वतः हरिश्चंद्रगडावर घेतला आहे. संध्याकाळी कोकणकड्यावर बसून आम्ही एक गाणे पूर्ण गायलो. दरीतून कड्याला धडकून वर चढणारा वारा आम्हाला अंगावर सुखद वाटत होता आणि माइकला तो सहन होत नव्हता. आपला कान वाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. माइकच्या पडद्यापाशी मात्र वाऱ्याचे भोवरे तयार होतात, त्यांच्या दाबाने पडदा जोराने हलतो आणि तो हेलकावा धबधब होऊन नोंदला जातो. हा आवाज मुख्यतः खालच्या कंप्रतेचा, म्हणजे जाड आणि घुमणारा, असल्यामुळे 80 ते 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापला, तर थोडा आराम पडतो. परंतु पडदा त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला गेला असेल, तर त्या क्षणाचा गळा फाटलेलाच राहतो आणि कोणतीही गाळणी तो शिवून देत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कड्यापासून मागे, करवंदीच्या दाट जाळीच्या आडोशाला बसलो. माइकवर लांब केसांच्या कृत्रिम फरचे टोपडे घातले, वाऱ्याकडे पाठ केली आणि माइक छातीच्या आडोशाला, तोंडापासून सुमारे वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरला. तेच गाणे, तेच गळे. परंतु आता प्रत्येक शब्दाची कडा ऐकू येत होती. दुसऱ्या कडव्यात कुठूनसा पावश्या ओरडला आणि आम्ही तो तसाच ठेवला. आदल्या संध्याकाळच्या गायनातली भरती मात्र या पहाटेच्या गाण्यात नाही. ती परत मिळाली नाही, आणि म्हणूनच पहिल्याच गायनाच्या वेळी आडोसा शोधा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

आता बारीक होणाऱ्या सुरांविषयी. फोनमध्ये बोलण्याचा आवाज स्वच्छ करण्यासाठी गोंगाट कमी करणारी यंत्रणा असते. एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे पंख्याचा किंवा मोटारीचा, असा तिचा समज असतो. त्यामुळे आपण लांबवलेला षड्ज आणि तानपुऱ्याचा झंकार यांनाही ती गोंगाट समजून दाबते. ज्या अ‍ॅपमध्ये ही सोय आणि आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद करता येते, तेच अ‍ॅप वापरावे. ध्वनिमुद्रण वेव्ह (WAV) या आवाज न आकसवता साठवणाऱ्या स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर करावे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे 17 मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. निघण्यापूर्वी फोनमध्ये तेवढी जागा रिकामी करावी आणि गाताना फोन विमान मोडवर ठेवावा.

स्वतंत्र रेकॉर्डर घेणार असाल आणि परवडत असेल, तर 32 बिट फ्लोटमध्ये ध्वनिमुद्रण करणारा घ्यावा. त्यात पातळी चुकली, तरी घरी ती खाली आणता येते. अर्थात वाऱ्याने माइकचाच पडदा हेलकावला, तर त्यावर तोही इलाज नाही. कॉलरला लावायचा, सर्व दिशांनी ऐकणारा छोटा माइक हा एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकपेक्षा वाऱ्याला आणि हाताच्या धक्क्यांना कमी बिचकतो. एकट्याने चालत गाणाऱ्यासाठी मी तोच सुचवतो. फक्त अंगातला विंडचीटर आधी काढून ठेवावा. नायलॉनच्या बाहीचा सळसळाट गाताना जाणवतही नाही. ध्वनिमुद्रणात मात्र तो कोणी कानाशी वर्तमानपत्र चुरगाळत असल्यासारखा येतो.

प्रश्न : ओढा, पाऊस आणि पक्षी यांचे आवाज गाण्यातच हवेत, अशी माझी इच्छा आहे, परंतु ओढ्याकाठी गायले, तर शब्दच कळत नाहीत. व्यावसायिक लोक हे कसे साधतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गळा एकीकडे आणि जागा एकीकडे, असे दोन वेगळे ध्वनिमुद्रण करून. ओढ्याच्या खळखळाटात खालपासून वरपर्यंतच्या जवळजवळ सर्व कंप्रता असतात. तो शब्दांवर पांघरुणासारखा पसरतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. म्हणून ओढ्यापासून दूर जाऊन, मधे एखादी टेकाडाची सोंड घेऊन गावे आणि मग ओढ्याकाठी परत येऊन, कोणीही न बोलता, न हलता, पाच मिनिटे फक्त ओढा ध्वनिमुद्रित करावा. घरी या दोहोंचे प्रमाण आपल्या हाती राहते. जिथे गायलात तिथलीही शांतता दोन-तीन मिनिटे टिपावी. गाण्यातली एखादी खाकर किंवा चुकलेली जागा कापली, की पार्श्वभूमीला भोक पडते, आणि ते भोक बुजवायला त्याच जागेची, त्याच वेळेची शांतता लागते.

वेळ निवडणे हे माझ्या मते उपकरणापेक्षाही महत्त्वाचे आहे. पावसाच्या तोंडावर किरकिरे एकदा सुरू झाले, की त्यांचा तीक्ष्ण, उंच आवाज ‘स’, ‘श’, ‘च’ या व्यंजनांच्याच पट्टीत घुसतो आणि शब्द बोथट होतात. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो. मात्र त्याच वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असल्यामुळे दूरच्या घाटरस्त्यावरील ट्रकचा आवाजही वाकून खोऱ्यात पोहोचतो. त्यामुळे जागा निवडताना महामार्ग आणि आपण यांच्यामध्ये डोंगर असावा. पावसाळ्यात झऱ्यांच्या आसपास भल्या पहाटे शीळकरी कस्तुर गाऊ लागला, तर आपले गाणे बाजूला ठेवून आधी त्याला ध्वनिमुद्रित करावे. कोणी गुराखी रमतगमत शीळ घालत चालला आहे, असे वाटावे इतका तो माणसासारखा गातो. मात्र त्याला बोलते करण्यासाठी फोनवरून त्याचाच आवाज ऐकवू नये. आपल्या हद्दीत परका नर शिरला, असे समजून तो विणीच्या दिवसांत व्यर्थ शक्ती घालवतो.

प्रतिध्वनीविषयी आपण विचारलेले नाही. तरी राहवत नाही म्हणून लिहितो. उघड्यावर गळा कोरडा वाटतो, कारण आवाज परतवायला भिंती नसतात आणि गाणारा नकळत ओरडू लागतो. समोर कडा असेल, तर हीच अडचण सोय होते. 20 अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 170 मीटरवरील कड्यावरून आपला सूर जवळजवळ बरोबर एका सेकंदाने परततो. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत गात असाल, तर कडा आपल्यामागोमाग एका मात्रेने गातो. टाळी वाजवून मोजावे, पुढे-मागे सरकून ती जागा शोधावी आणि ओळीच्या अखेरीस एक मात्रा रिकामी सोडावी.

प्रश्न : गडावर किंवा जंगलात ध्वनिमुद्रण करायला परवानगी लागते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावर ते अवलंबून आहे. हरिश्चंद्रगडाचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, भीमाशंकरलाही अभयारण्य आहे. अशा ठिकाणी प्रवेशाचे नियम वन विभागाचे असतात आणि चित्रीकरणाचा ताफा न्यायचा असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांसाठी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. खिशातल्या फोनवर स्वतःपुरते गाणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. तरीही प्रवेशनाक्यावर विचारून घेणे उत्तम. स्पीकर कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये. तानपुरा एका कानातल्या इअरफोनवर ऐकावा. म्हणजे तो माइकमध्येही शिरत नाही. आणि कड्यावर ओरडण्यापूर्वी वर पाहावे. कपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतील, तर तिथे आवाज नको, धूर नको, अत्तरही नको. मुकाट्याने दुसरी जागा शोधावी.

प्रश्न : गडाच्या पायथ्याच्या वाडीत एका आजींनी आम्हाला चहा दिला आणि बोलता बोलता दोन ओव्या म्हणून दाखवल्या. मी त्या फोनवर टिपल्या आहेत. आमच्या गाण्याच्या सुरुवातीला त्या लावल्या, तर फार सुंदर वाटेल. ओव्या तर परंपरेच्या आहेत. मग अडचण नसावी ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अडचण आहे, आणि आपण विचारलेत हे फार बरे केलेत. ओवी परंपरेची असली, तरी तो गळा आजींचा आहे. गाऊन दाखवणाऱ्या व्यक्तीला आपल्या सादरीकरणावर कायद्याने 50 वर्षांपर्यंत हक्क असतो आणि तिच्या संमतीवाचून ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करता येत नाही. शिवाय त्या दोन ओव्यांपैकी एखादी त्यांनी स्वतः जुळवलेली असू शकते. लेकीच्या, भावाच्या नावाने जात्यावर बसल्या बसल्या नवी ओवी रचणे, हे त्या पिढीतल्या बायकांना नित्याचे होते. तसे असेल, तर शब्दही त्यांचेच आहेत.

पुण्यात हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नावही नोंदवले. त्या संग्रहातली एखादी ओवी आज वाचताना ती कोणी म्हटली, हे आपल्याला कळते. आपल्या गाण्याच्या श्रेयनामावलीत आजींचे नाव तसेच, त्या सांगतील त्या पद्धतीने, यायला हवे. आणि गाण्यातून काही पैसे मिळाले, तर त्यातला त्यांचा वाटा आधीच ठरलेला असावा.

तेव्हा पुन्हा एकदा त्या वाडीत जावे. गाणे तयार असेल तसे फोनवर त्यांना ऐकवावे, ओव्या कोठे येतात ते दाखवावे आणि ‘आजी, हे लोकांना ऐकवू का?’ असे घरातल्या कोणाच्या तरी समोर विचारावे. त्या ‘हो’ म्हणाल्या, तर त्यांचे ते बोलणेही ध्वनिमुद्रित करून जपावे आणि शक्य असेल तर साध्या कागदावर लिहूनही घ्यावे. ‘नको’ म्हणाल्या, तर ओव्या पुसून टाकाव्यात. जाताना एक गोष्ट बरोबर न्यावी : त्यांच्या ओव्यांची मूळ, न कापलेली फाइल, घरातल्या नातवाच्या फोनवर घालून देण्यासाठी.