निसर्गचित्र, भूदृश्य की सरळ लँडस्केप?

प्रश्न थोडक्यात असा होता: सतराव्या शतकातल्या डच चित्रांवरच्या एका टिपणाचं मराठी करताना 'लँडस्केप'ला 'निसर्गचित्र' लिहिलं, तर वाचणाऱ्याने आक्षेप घेतला की चित्रात पवनचक्क्या आहेत, कालवे आहेत, लांब शहर दिसतंय, मग यात निसर्ग कुठला? त्यापेक्षा 'भूदृश्य' लिहा. तर बरोबर काय? आणि लँडस्केप हा शब्द मुळात जमिनीचा की चित्राचा?

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

इंग्रजीत आज जो 'लँडस्केप' आहे तो चित्रकारांच्या तोंडून आलाय. जुन्या इंग्रजीत 'लँडशिपे' असा काहीसा शब्द होता, अर्थ प्रांत, मुलूख, पण तो वापरातून गेला. नंतर सोळाव्या शतकाच्या शेवटी डच 'लांडस्खाप' इंग्लंडमध्ये पोचला तो डच चित्रांबरोबर. इंग्रजीत त्याची जुनी नोंद १५९८ ची सापडते, रिचर्ड हेडॉकने लोमाझ्झोच्या इटालियन चित्रकला-ग्रंथाचं भाषांतर केलं त्यात, आणि तिथे अर्थ चित्रच आहे. समोरचा खराखुरा देखावा या अर्थाने इंग्रज हा शब्द वापरायला लागले ते नंतर, सतराव्या शतकात. म्हणजे आधी भिंतीवर टांगलेलं चित्र लँडस्केप होतं, मग कुणीतरी टेकडीवर उभं राहून समोर बघितलं आणि म्हणालं हेही लँडस्केपच की. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपणही एखादं ठिकाण बघून 'अगदी चित्रासारखं दिसतंय' म्हणतो ना, तसंच, फक्त तिथे अख्खा शब्दच चित्रातून उचलून बाहेरच्या जगावर ठेवला.

फ्रेंचांचंही तेच. 'पेइझाझ' हा शब्द 'पेई' म्हणजे देश, मुलूख यावरून केलाय (शेतकऱ्याला 'पेइझां' म्हणतात तोही त्याच घरातला) आणि रोबेर एतिएनच्या १५४९ च्या शब्दकोशात तो चित्रकारांमध्ये चालणारा शब्द म्हणूनच येतो.

आता डच शब्द फोडून बघू. 'लांड' म्हणजे जमीन, भूमी, हे सरळ आहे. 'स्खाप' हा प्रत्यय घडवणे, आकार देणे या अर्थाच्या जुन्या धातूवरून आलाय, इंग्रजीतला 'शेप' त्याच मुळाचा आणि 'फ्रेंडशिप'मधलं 'शिप' म्हणजे त्याचं सख्खं भावंड. मराठीत जवळचं काय म्हणाल तर आपला '-पण', माणूसपण, गावपण यातला. पण डचमध्ये या प्रत्ययाला अजून एक वजन आहे, लोकांनी मिळून बांधलेली व्यवस्था असं. तिथे बांध, कालवे, पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था तेराव्या शतकापासून आहेत, त्यांना 'वाटरस्खाप' म्हणतात. पाणी अधिक तोच प्रत्यय. ज्या लोकांनी समुद्राकडून आणि दलदलीकडून जमीन ओढून घेतली त्यांच्या भाषेत भूमी ही आपोआप पडलेली गोष्ट नव्हतीच, ती घडवलेली होती, राखलेली होती. तेव्हा त्यांच्या लांडस्खापात पवनचक्की आणि कालवा असणं हा अपवाद नाही, पवनचक्की पाणी उपसते म्हणून तर ती जमीन कोरडी आहे.

याचं एक चित्र डोळ्यापुढे ठेवा म्हणजे बोलणं सोपं होईल. मेइंडर्ट होब्बेमाचं 'मिडलहार्निसचा रस्ता', १६८९ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मधोमध सरळ आत जाणारा मातीचा रस्ता, त्यावर चाकोऱ्या उमटलेल्या, दोन्ही बाजूंनी उंच शिडशिडीत झाडांची रांग, खालच्या फांद्या छाटलेल्या त्यामुळे पार वर शेंड्याला तेवढा पानांचा झुबका. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे चर. उजवीकडे एक माणूस रोपवाटिकेत ओळीत लावलेल्या रोपांची छाटणी करतोय, समोरून एकजण बंदूक आणि कुत्रा घेऊन चालत येतोय, डावीकडे लांब चर्चचा मनोरा. या चित्रात आपणहून उगवलेलं असं काय आहे? झाडं लावलेली, चर खणलेले, रस्ता आखलेला. जमिनीवरचं सगळं माणसाच्या हातचं, आणि तरी हे युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या लँडस्केपांपैकी एक.

म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचा मुद्दा खोटा नाही. हेन्री पीचमने १६०६ मध्ये इंग्रजी वाचकांना हा शब्द समजावून सांगितला तेव्हा त्यानेही यादी दिली ती डोंगर, रानं, दऱ्या यांच्याबरोबर किल्ले, समुद्र, पडके अवशेष, शहरं, गावं अशी सगळी, क्षितिजापर्यंत जे जे दाखवता येईल ते. शहर पहिल्यापासूनच आत आहे, कुणी मागाहून घुसवलेलं नाही.

मग 'भूदृश्य' घ्यायचा का? माझं मत नाही, आणि कारणं सांगतो.

एक तर 'भू'. पीचमच्या यादीत समुद्र आहे तो 'भू'त कसा बसवणार, हे झालंच. पण त्याहून मोठी अडचण आभाळाची आहे. याकोब फान रौइसडालने हार्लेम शहराची जी चित्रं केली, ज्यात शहराबाहेरच्या मैदानात कापडाच्या लांब पट्ट्या उन्हात पांढऱ्या व्हायला पसरलेल्या दिसतात, ती बघा. क्षितिजरेषा इतकी खाली की जमिनीला जेमतेम तिसरा हिस्सा मिळालाय, बाकी सगळे ढग आणि त्या ढगांच्या सावल्यांनी खालची जमीन कुठे उजळ कुठे काळपट झालेली. चित्राचा जीव आभाळात आहे. पुढे इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने तर १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे ढीगभर अभ्यास केले आणि त्यातल्या कित्येकांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहत होता हेसुद्धा लिहून ठेवलं. त्यात 'भू' शोधूनही सापडत नाही, पण लँडस्केपचा इतिहास त्या अभ्यासांशिवाय सांगता येत नाही.

दुसरं, 'दृश्य'. दृश्य म्हणजे जे दिसतं ते. चित्र म्हणजे जे केलं जातं ते. चित्रप्रकाराचं नाव दृश्यावर टाकलं की समोरचा देखावा आणि त्याचं चित्र यातला फरकच पुसतो. इंग्रजीत तो पुसला गेलाच आहे, एकाच शब्दाला दोन्ही ओझी वाहायला लागतात आणि भाषांतर करणारा दर वाक्यात अडकतो की इथे चित्र म्हणायचंय का जागा. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आयते आहेत तर ती सोय सोडायची कशाला? भूगोलात, जमिनीचं एकूण रूप सांगताना भूदृश्य जरूर वापरा, तिथे तो चांगला बसतो. आणि हो, आपली नावं एका कुटुंबातली आहेत, व्यक्तिचित्र, स्थिरचित्र, निसर्गचित्र. करणारा निसर्गचित्रकार. 'भूदृश्यकार' म्हणून बघा एकदा मोठ्याने, जीभ अडते.

आता राहिला 'निसर्ग'. आक्षेप या शब्दाचा आजचा अर्थ धरून आहे, निसर्ग म्हणजे झाडं, डोंगर, नदी, माणसाने हात न लावलेलं. पण संस्कृतात निसर्ग म्हणजे मुळातला स्वभाव, जन्मजात असलेलं. मराठीतही तो अर्थ मेलेला नाही, 'तो निसर्गतःच शांत आहे' म्हणतो तेव्हा तिथे झाडंझुडपं नसतात. सृष्टी हा अर्थही त्यात आहेच, कारण शब्द 'सृज्' धातूचाच. त्यामुळे एखाद्या मुलुखाचा स्वभाव दाखवणारं चित्र ते निसर्गचित्र, असं मी तरी वाचतो, आणि तसं वाचलं तर होब्बेमाचा छाटलेल्या झाडांचा रस्ता त्यात बिनतक्रार बसतो. कुणाला ही ओढाताण वाटेल, वाटू दे, पण शब्द घटकपदांच्या बेरजेवर चालत नाहीत, वापरावर चालतात, आणि निसर्गचित्र म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर नेमका हाच चित्रप्रकार येतो, त्यात एखादं घर आणि पूल असतोच.

शिवाय जगात कुठल्या भाषेत हे नाव पुरतं बसलंय? चिनी शब्द बघा, 'शानश्वे', डोंगर-पाणी, बस. इतकं सुंदर नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल. युरोपात हा प्रकार स्वतःच्या पायावर उभा राहायच्या पुष्कळ आधी चीनमध्ये तो चित्रकलेचा कळस मानला जात होता. पाचव्या शतकात झोंग बिंग नावाचा चित्रकार होऊन गेला, आयुष्यभर डोंगर हिंडला, म्हातारपणी चढवेना तेव्हा घरातल्या भिंतींवर डोंगर रंगवले आणि पडल्या पडल्या त्यात भटकायचा, चिनीत या झोपून केलेल्या भटकंतीला वेगळा शब्दच आहे. मग साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचं फान क्वानचं 'डोंगर-ओढ्यांमधले प्रवासी', आता तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात. रेशमावर शाईने केलेलं, दोन मीटरहून उंच. वरचा बहुतेक भाग एकाच अजस्र कड्याने व्यापलाय, त्यावरून धाग्याएवढा धबधबा, आणि तळाशी उजवीकडे खेचरांचा तांडा, इतका बारीक की सांगितल्याशिवाय नजर जात नाही. चित्रकाराची सही त्या तांड्यामागच्या पानांत दडलेली होती, ती सापडली १९५८ मध्ये! साडेनऊशे वर्षं लोक बघत होते. पण बघा, डोंगर-पाणी या नावात तांडा नाही, झाडं नाहीत, मधलं धुकं नाही, आणि म्हणून चिनी माणूस हे नाव चुकीचं आहे म्हणत नाही.

याच चित्रामुळे अजून एक गोष्ट लक्षात येते. प्रिंट काढताना 'लँडस्केप' म्हणजे आडवं आणि 'पोर्ट्रेट' म्हणजे उभं असं आपण बोलतो ते युरोपी कॅनव्हासवरून आलंय, चिनी लटकत्या पटावर लँडस्केप उभंच असतं. मराठीत कागदाला आडवा-उभा म्हणावं, काही अडत नाही.

युरोपात हा प्रकार नावारूपाला यायला किती वेळ लागला ते थोडक्यात सांगतो, कारण टिपणात ते लागेल. आधी डोंगर-नदी ही मागची बाजू होती, पुढे संत किंवा पुराणकथा. अँटवर्पचा योआखिम पाटिनिर भूभाग रंगवण्यात इतका तरबेज की माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातल्या सेंट अँथनीच्या चित्रात मुलूख त्याचा आणि माणसं क्वेंटिन मात्साइस या दुसऱ्या चित्रकाराची. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२१ मध्ये प्रवासाच्या रोजनिशीत पाटिनिरला 'चांगला लांडशाफ्ट-चित्रकार' म्हटलंय (लांडशाफ्ट म्हणजे लांडस्खापचंच जर्मन भावंड), म्हणजे त्या कामाला तोवर वेगळं नाव पडलं होतं. त्याच सुमारास आल्टडॉर्फर या दुसऱ्या जर्मन चित्रकाराने एकही माणूस नसलेली चित्रं केली. तरी मान नव्हता. १६६७ मध्ये फेलिबिएं या कलालेखकाने फ्रेंच चित्रकला अकादमीसाठी चित्रप्रकारांची उतरंड लावली त्यात माणसाच्या इतिहासाची चित्रं वर आणि निसर्गचित्र खाली, स्थिरचित्राच्या जेमतेम वर. नेमक्या त्याच काळात हॉलंडमध्ये मात्र सामान्य लोक ही चित्रं विकत घेऊन घरात लावत होते, तुमच्या टिपणातली चित्रं त्यातलीच. नंतरचं बरंचसं ठाऊक असतं, टर्नर, कॉन्स्टेबल, १८४१ मध्ये जॉन रँडने पेटंट घेतलेली रंगांची दाबायची धातूची ट्यूब आणि मग बाहेर जाऊन तिथल्या तिथे तैलरंगात काम करणं किती सोपं झालं ते, आणि पुढे मोने.

राहता राहिलं 'लँडस्केप' हाच शब्द मराठीत ठेवणं. चित्रकलेची मुलं 'लँडस्केप करायला चाललोय' म्हणतात, 'निसर्गचित्र करायला' असं क्वचित, आणि ते मला जिवंत मराठी वाटतं. बोलताना, मुलाखतीत, गप्पांमध्ये तसंच लिहा. छापील टिपणात निसर्गचित्र.

तर तुमच्यासाठी माझी वाटणी अशी: चित्रप्रकार आणि चित्र म्हणजे निसर्गचित्र, समोर दिसतं ते निसर्गदृश्य किंवा साधा देखावा (देखण्यावरून आलेला, छान घरचा शब्द आहे), जिथे जमिनीचा कस, घडण, वहिवाट सांगायची तिथे मुलूख किंवा भूप्रदेश, आणि चित्रात फक्त रस्ते-घरंच असतील तर नगरदृश्य नको, नगरचित्र. आक्षेप आलेल्या वाक्यात शब्द बदलू नका, अर्धं वाक्य वाढवा: 'या डच निसर्गचित्रांत पवनचक्क्या आणि कालवे पदोपदी दिसतात, कारण चित्रकारांच्या समोरचा मुलूखच माणसांनी पाणी उपसून घडवलेला होता.'