मोटारीचे इंजिन उडते तेव्हा

प्रश्न : मारुती ८०० चे जुने इंजिन बसवून एका माणसापुरता ऑटोजायरो उडवता येईल का? रस्त्यावर वर्षानुवर्षे चालणारे इंजिन हवेत का चालू नये? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : ऑटोजायरो हे हेलिकॉप्टरसारखे दिसणारे उडते यंत्र, पण त्याच्या डोक्यावरची पाती इंजिन फिरवत नाही. इंजिन पंख्याने यंत्राला पुढे लोटते आणि पाती समोरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर आपोआप फिरतात. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वा यांनी १९२३ मध्ये हे उडवून दाखवले. पुढे अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी नळ्यांचा सांगाडा, खुर्ची आणि इंजिन एवढ्यावरच सारे आणून ठेवले. त्यांच्या बी-८एम यंत्रावर लक्ष्य-ड्रोनसाठी (नेमबाजीच्या सरावाला उडवायच्या मानवरहित विमानांसाठी) बनवलेले ७२ अश्वशक्तीचे मॅक्युलॉक इंजिन असे.

ते टू-स्ट्रोक इंजिन हलके होते, पण टिकाऊ नव्हते, म्हणून हौशी मंडळी फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाकडे वळली. वजन जवळपास दुप्पट झाले. मात्र ते हवेवर थंड होत असल्याने रेडिएटर लागत नाही आणि मिनिटाला सुमारे ३२०० फेऱ्यांवरही पुरेशी ताकद मिळत असल्याने पंखा थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसवता येतो. तरी एक मेख आहे : मोटारीत क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने रेटा बसतो तो क्लच दाबण्यापुरता, इथे मात्र पंख्याचा रेटा उड्डाणभर बसतो, आणि तो पेलणारे बेअरिंग नीट नसेल तर इंजिन आतून झिजते.

सुबारू या जपानी मोटारीचे १.८ लिटरचे इंजिन याहून जोरकस आहे, पण त्याची ताकद पाच हजार फेऱ्यांच्या पुढे मिळते. पाच फुटी पंखा त्या वेगाने थेट फिरवला, तर त्याची टोके सेकंदाला सुमारे ४०० मीटर, म्हणजे ध्वनीहूनही वेगाने जातील. गोंगाट होईल, रेटा मिळणार नाही. म्हणून दातेरी पट्ट्याने फेरे जवळपास निम्मे करतात. रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते, इथे ते सतत जोर लावते. त्यामुळे तेल थंड ठेवण्याची सोय आणि शक्य तर दुहेरी इग्निशनही (ठिणगी पाडणारी यंत्रणा) करावे लागते.

आपल्या मारुतीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर, त्यात रेडिएटर आणि पट्ट्याचे ओझे. यंत्र उडालेच तर जेमतेम उडेल. इंजिन बंद पडल्यावरही पाती फिरत राहतात हे खरे, पण यंत्र खाली येतेच, आणि तेही बऱ्याच तीव्र उताराने. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीविना ते शेतातूनही उडवता येणार नाही.