नागपुरात ढोबळी मिरची: फळ किती मोठं यापेक्षा किती धरतात ते बघा

ताई, तुमच्या तीन झाडांना फुलं भरपूर आली, पण मिळून चारच फळं धरली, म्हणून जास्त फळ देणारं वाण तुम्ही विचारलंय. रोपं जानेवारीत लावली, असंही लिहिलंय. खरी गोम तिथेच आहे.

दिवसाचं ऊन 32-33 अंशांच्या वर गेलं किंवा रात्रीचा पारा 24 च्या खाली येईना, की ढोबळीची फुलं देठासकट गळतात. जानेवारीत लावलेलं रोप फुलावर येतं मार्चमध्ये, आणि आपल्याकडचा मार्च तुम्हाला ठाऊकच आहे. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री 10-12 अंशांवर आल्या की फळ धरतच नाही, धरलंच तर चपटं, वेडंवाकडं निघतं. म्हणजे नागपुरात फळ धरायचे महिने दोनच: नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. दोन्ही साधायचे तर पोळ्याच्या सुमारास बी टाकायचं आणि दसरा-कोजागिरीला 35-40 दिवसांचं रोप कुंडीत जायला हवं.

आता वाण. एवढ्या थोड्या दिवसांत पुष्कळ फळं धरायची तर फळ लहान असलेलंच बरं. मोठं, जाड सालीचं फळ झाडाची सगळी ताकद ओढतं आणि वरची फुलं उपाशी राहतात. म्हणून माझी पहिली पसंती अर्का बसंतला. फळ निमुळतं, फिकट पिवळसर-पांढरं, पिकलं की केशरी-लाल. बाजारातल्या चौकोनी मिरचीची सवय असलेल्यांना ते आधी रुचत नाही, पण पीठ पेरून केलेल्या भाजीत ते पटकन शिजतं आणि चवीलाही छान लागतं.

ज्या मातीत पूर्वी वांगं किंवा टमाटर हिरवंगार असतानाच अचानक मान टाकून मेलं असेल, तिथे अर्का गौरव लावा. जिवाणूजन्य मर रोगाला ते बऱ्यापैकी टिकतं. ही दोन्ही वाणं बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची आणि सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाणं आहेत, त्यामुळे घरचं बी धरता येतं. भरली मिरची करायचीच असेल तर कॅलिफोर्निया वंडरचं एखादं झाड ठेवा, पण त्यावर भिस्त नको. लाल-पिवळ्या संकरित जाती पॉलीहाऊससाठी आहेत. त्यांच्या बियांवर मी दोन वर्षं पैसे घालवले. झाडं देखणी वाढली, फळं मात्र मोजकीच लागली.

वाणाइतकाच फरक तोडणीने पडतो. पहिलं फळ झाडावर लाल व्हायला सोडायचा मोह सगळ्यांना होतो. हिरव्याचं लाल व्हायला तीन-चार आठवडे जातात आणि तेवढे दिवस झाड नवीन फळ धरायचं टाळतं. नोव्हेंबरची फळं हिरवीच तोडा. लाल करायची ती शेवटची, मार्चमधली.

कुंडी 14 इंची, एका कुंडीत एकच झाड. आपली काळी माती एकटी भरू नका, पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिळून निम्मं तरी असावं. पाणी नेमाने द्या. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं झालं की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो.

शेजारी तिखट मिरची असल्याने ढोबळी तिखट होईल, ही भीती काढून टाका. या वर्षीचं फळ गोडच राहतं. बी धरणार असाल तर मात्र फूल उमलायच्या आधी त्याला पातळ कापडाची पिशवी बांधा, नाहीतर पुढच्या पिढीत तिखटपणा येतो.

सध्याची तीन झाडं लगेच उपटू नका. पानं रोगाने चुरडलेली नसतील तर एक तृतीयांश छाटून, हिरव्या नेटखाली सकाळचंच ऊन लागेल अशी ठेवा. उन्हाळ्यात तगली तर पावसाळ्यानंतर तीच झाडं नव्या रोपांच्या आधी फुलावर येतील. पानं चुरडलेली असतील तर मात्र आजच काढून टाका, नवीन रोपांना तोच रोग लागेल.